ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील खेळाडू-विनिमय आणि त्याचे मूल्यमापन

ऑस्ट्रेलियात सप्टेंबरच्या अखेरीस मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर फुटबॉलचा अंतिम सामना होतो आणि ऑक्टोबरमध्ये त्या खेळाचा दुसरा हंगाम सुरू होतो. या हंगामात चेंडू नसतो. अठरा क्लबांचे व्यवस्थापक काही दिवस एकमेकांशी बोलणी करतात आणि आपले खेळाडू व आपले निवडक्रमांक यांची अदलाबदल करतात. हा खेळाडू-विनिमय म्हणजे 'ट्रेड'. मुदत संपली की वृत्तपत्रांतून निकाल लागतात: अमुक क्लबाने बाजी मारली, तमुक क्लब फसला. हे निकाल बहुधा घाईचे असतात. एखाद्या विनिमयात कोण जिंकले हे ठरवण्याची काही शिस्तशीर रीत आहे का, याचा येथे विचार करायचा आहे.

हा खेळ मुळात क्रिकेटपटूंनी क्रिकेटपटूंसाठी घडवला. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा नामांकित क्रिकेटपटू होता. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे आखडू नयेत यासाठी त्याने फुटबॉलचा आग्रह धरला आणि मे १८५९ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मेलबर्न फुटबॉल क्लबाचे नियम लिहून काढले. आज मैदान लंबवर्तुळाकार असते, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने गेला तर सहा गुण, मधल्या आणि बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगची स्पर्धा सुरू झाली आणि १९९० मध्ये तिचे नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झाले.

खेळाडूने कोणत्या क्लबाकडून खेळावे हा प्रश्न प्रथम भूगोलाने सोडवला होता. प्रत्येक क्लबाला ठरावीक प्रदेश नेमून दिलेला असे आणि त्या प्रदेशात राहणारा मुलगा त्याच क्लबाचा मानला जाई. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी, दहा वर्षे सेवा केलेल्या खेळाडूला मुक्त करणारा नियम थोडा काळ लागू झाला. नॉर्थ मेलबर्नने त्याचा लाभ घेऊन बॅरी डेव्हिस, डग वेड आणि जॉन रँटॉल हे तीन अनुभवी खेळाडू आणले आणि १९७५ मध्ये आपले पहिले विजेतेपद मिळवले. १९८३ मध्ये सिल्व्हिओ फोस्किनी या तरुण खेळाडूने लीगविरुद्ध दावा लावला. क्लबाने खेळाडूला असे अडवून ठेवणे म्हणजे त्याच्या व्यवसायस्वातंत्र्यावर गदा आणणे होय, असा निर्णय व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. प्रदेशपद्धतीचा पाया त्यामुळे खचला. याच दशकात वेतनमर्यादा आली, १९८६ मध्ये नवोदितांची निवड, म्हणजे 'ड्राफ्ट', सुरू झाली आणि दशक संपता संपता विनिमयाची आजची पद्धत आकाराला आली. ड्राफ्टमध्ये तळाच्या क्लबाला पहिला मान मिळतो. म्हणून निवडक्रमांक, ज्याला तिथे 'पिक' म्हणतात, हेच या व्यवहाराचे चलन झाले.

मराठी वाचकाला क्रीडाविश्वातला व्यवहार आठवतो तो आयपीएलचा. हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला तो रोख रकमेवर. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये असा खेळाडू विकत घेता येत नाही. त्याच्या बदल्यात खेळाडू किंवा क्रमांकच द्यावे लागतात. तिथे आणखी एक कठोर अट आहे: खेळाडूच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे पाठवता येत नाही. यामुळे बहुतेक मोठ्या विनिमयांत खेळाडू आधीच आपला पुढचा क्लब सांगून मोकळा झालेला असतो आणि जुन्या क्लबाला त्या एकाच गिऱ्हाइकाशी घासाघीस करावी लागते. बाहेरच्यांना जो सौदा पडत्या भावाचा वाटतो, त्याचे कारण पुष्कळदा इथे असते.

विनिमयाचे प्रकार स्थूलमानाने असे. खेळाडूच्या बदल्यात क्रमांक हा सर्वांत प्रचलित. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू हा जुना आणि आता विरळ. केवळ क्रमांकांची आपसांतली फिरवाफिरव हा तिसरा. २०१५ पासून पुढच्या वर्षीचे क्रमांकही त्यात धरता येऊ लागले. तीन-चार क्लबांना गुंफणारा साखळी विनिमय हा चौथा. वेतनाचा भार उतरवण्यासाठी केलेला विनिमय वेगळा ओळखावा लागतो, कारण त्यात देणाऱ्या क्लबाला खेळाडूपेक्षा मोकळी झालेली वेतनाची जागा महत्त्वाची असते. २०१२ मध्ये मुक्त खेळाडू, म्हणजे 'फ्री एजंट', ही तरतूद आली. असा खेळाडू गेला की जुन्या क्लबाला लीगकडून भरपाईचा क्रमांक मिळतो. काटेकोरपणे हा विनिमय नव्हे, पण त्याची छाया प्रत्येक बोलणीवर असते.

क्रमांकांची किंमत आकड्यांत मांडण्याचे काम लीगने २०१५ मध्ये केले. त्या वर्षीच्या ड्राफ्ट मूल्यनिर्देशांकात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण होते, दुसऱ्याला २५१७, तिसऱ्याला २२३४, दहाव्याला १३९५, विसाव्याला ९१२. खाली उतरत जाता सत्तरीनंतर हे गुण शून्यावर येत. निरनिराळ्या क्रमांकांवर घेतलेल्या खेळाडूंना पूर्वी किती वेतन मिळत गेले, यावर ही उतरंड बेतलेली होती. तिचा मूळ हेतू वेगळा होता. क्लबाकडून शंभर सामने खेळलेल्याचा मुलगा त्या क्लबाला अग्रहक्काने घेता येतो. दुसऱ्या क्लबाने त्याच्यावर बोली लावली तर किती क्रमांक मोजावे लागतील, हे ठरवण्यासाठी ती केली होती. पण एकदा कोष्टक हाती आल्यावर प्रत्येक विनिमयाची त्यावर बेरीज-वजाबाकी होऊ लागली. लीगने पुढे हे कोष्टक बदलून खालच्या क्रमांकांचे गुण काढून घेतले. म्हणजे हे मापही स्थिर नाही.

या मापाची मर्यादा कॉलिंगवूडच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. २०२० च्या ड्राफ्टच्या रात्री त्या क्लबाने आपला पुढच्या वर्षीचा पहिला क्रमांक ग्रेटर वेस्टर्न सिडनीला देऊन त्याच रात्रीचे दोन उतरते क्रमांक घेतले. पुढच्या हंगामात कॉलिंगवूड सतरावे आले आणि दिलेला क्रमांक अगदी वरचा निघाला. टीकेचा भडिमार झाला. परंतु त्या वर्षी क्लबाचे माजी खेळाडू पीटर डेकॉस यांचा मुलगा निक याला कॉलिंगवूड अग्रहक्काने घेणार हे सर्वांना ठाऊक होते. त्याच्यावरची बोली इतक्या वर येणार होती की पहिला क्रमांक जवळ ठेवला असता तरी तो निकच्या किमतीतच जिरला असता. एकच क्रमांक दोन क्लबांच्या हातात दोन किमतींचा असतो. कोष्टकाला हे दिसत नाही.

आता ज्या विनिमयाची सर्वाधिक चर्चा झाली तो पाहू. २००७ च्या हंगामानंतर ख्रिस जड याने वेस्ट कोस्ट हा क्लब सोडून आपल्या व्हिक्टोरिया राज्यात परतण्याचे ठरवले. पंचांच्या मतांवर दिले जाणारे, या खेळातला सर्वोच्च वैयक्तिक मान असलेले ब्राउनलो पदक त्याने २००४ मध्ये मिळवले होते आणि २००६ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली वेस्ट कोस्टने सिडनीला एका गुणाने हरवून विजेतेपद मिळवले होते. अनेक क्लबांना भेटून त्याने कार्लटन निवडले. कार्लटनने तिसरा व विसावा क्रमांक आणि जॉश केनेडी हा वीस वर्षांचा आक्रमक दिला. वेस्ट कोस्टने जडबरोबर शेहेचाळिसावा क्रमांक दिला. २०१५ चे कोष्टक मागे नेऊन लावले तर तिसरा आणि विसावा मिळून ३१४६ गुण होतात, त्यातून शेहेचाळिसाव्याचे ३३१ वजा जाता २८१५ उरतात. म्हणजे कागदावर जडची किंमत पहिल्या क्रमांकाच्या जवळपास आणि वर केनेडी.

पुढे काय झाले? जड कार्लटनकडून १४५ सामने खेळला. २००८, २००९ आणि २०१० अशी सलग तीन वर्षे तो क्लबाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१० मध्ये त्याने दुसरे ब्राउनलो पदक मिळवले.  कार्लटन तळातून बाद फेरीपर्यंत पोहोचले, पण अंतिम सामन्यापर्यंत नाही. २०११ मध्ये पर्थ येथे त्यांचा हंगाम वेस्ट कोस्टनेच तीन गुणांनी संपवला. केनेडी वेस्ट कोस्टकडून २७१ सामने खेळला, ७१२ गोल केले, २०१५ व २०१६ मध्ये सर्वाधिक गोलांचे कोलमन पदक घेतले आणि २०१८ च्या विजयी संघात होता. तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला ख्रिस मास्टनही त्या संघात होता. दुसरीकडे, कार्लटनने शेहेचाळिसाव्या क्रमांकावर घेतलेला डेनिस आर्मफील्ड त्यांच्यासाठी दीर्घकाळ खेळला. याचा उल्लेख सहसा कोणी करत नाही, पण पूर्ण हिशेबात तो धरलाच पाहिजे.

निष्पत्ती पाहता वेस्ट कोस्टचे पारडे जड आहे यात वाद नाही. तरीही कार्लटन फसले असे म्हणणे मला मान्य नाही. २००५ आणि २००६ अशी दोन वर्षे तो क्लब शेवटच्या स्थानावर होता. मैदान रिकामे राहात होते, तरुण खेळाडूंना अनुसरण्यासारखा माणूस नव्हता. जडने या दोन्ही उणिवा भरून काढल्या. कार्लटनचे अपयश विनिमयानंतरच्या वर्षांतले आहे: जडभोवती पुरेसा संघ उभा राहिला नाही. वेस्ट कोस्टलाही फळ लगेच मिळाले नव्हते. २०१० मध्ये ते तळाला गेले. त्या वर्षी निकाल मागितला असता तर तो निर्विवाद कार्लटनच्या बाजूने लागला असता.

मूल्यमापनाचे पहिले तत्त्व इथून निघते. विनिमयाला दोन निकाल असतात आणि ते वेगळ्या वह्यांत लिहावेत. एक निर्णयाचा: त्या दिवशी जे ठाऊक होते आणि जे पर्याय खुले होते, त्यांत हा निर्णय शहाणपणाचा होता का? दुसरा निष्पत्तीचा: शेवटी कोणाच्या पदरात काय पडले? या दोहोंची सरमिसळ केली की दुखापत, तरुण खेळाडूची अनपेक्षित वाढ आणि निव्वळ दैव यांचे श्रेय किंवा दोष व्यवस्थापकांच्या माथी जातो.

२००१ चा हॉथॉर्न आणि फ्रीमँटल यांचा विनिमय या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. फ्रीमँटल त्या वर्षी शेवटचे आले होते, म्हणून पहिला क्रमांक त्यांचा होता. तो, विसावा आणि छत्तिसावा असे तीन क्रमांक देऊन त्यांनी ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन हे दोन उंचेपुरे तरुण घेतले. हॉथॉर्नने पहिल्या क्रमांकावर ल्यूक हॉज आणि छत्तिसाव्यावर सॅम मिचेल यांना निवडले. दोघेही पुढे कर्णधार झाले, दोघेही २००८, २०१३, २०१४ व २०१५ अशा चार विजेतेपदांत होते. हॉजने अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक दोनदा मिळवले आणि मिचेलला २०१२ चे ब्राउनलो पदक लाभले. क्रोड दोन हंगामांनी हॉथॉर्नलाच परतला आणि २००८ च्या विजयी संघात खेळला. इतका एकतर्फी ताळेबंद क्वचितच आढळतो. तरी दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. मॅकफार्लिन फ्रीमँटलकडून २४४ सामने खेळला आणि त्यांच्या बचावाचा आधारस्तंभ झाला. २०१३ मध्ये फ्रीमँटल प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचले तेव्हा तो त्यांच्या संघात होता, आणि समोर हॉज व मिचेल यांचे हॉथॉर्न होते. हॉथॉर्न पंधरा गुणांनी जिंकले. दुसरी गोष्ट, छत्तिसाव्या क्रमांकात मिचेल दडला आहे हे फ्रीमँटलला कळण्याचा मार्ग नव्हता. इतर क्लबांनीही त्याला तोवर वगळलेच होते. त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा ल्यूक बॉल आणि तिसरा ख्रिस जड होता. पहिल्या क्रमांकाचे मोल त्या वर्षी नेहमीहून जास्त होते आणि फ्रीमँटलच्या निर्णयातला दोष शोधायचा तर तो इथे शोधावा.

फ्रीमँटलच्या वाट्याला असे प्रसंग जरा अधिकच आले. १९९५ मध्ये लीगमध्ये उतरण्यापूर्वीच त्यांनी अँड्र्यू मॅक्लाउड हा डार्विनचा तरुण अॅडलेडला देऊन ख्रिस ग्रूम याला घेतले. ग्रूम त्यांच्याकडून सात सामने खेळला. मॅक्लाउड अॅडलेडकडून ३४० सामने खेळला आणि १९९७ व १९९८ च्या लागोपाठ दोन विजयी अंतिम सामन्यांत नॉर्म स्मिथ पदकाचा मानकरी ठरला. इथे दोन्ही वह्यांत एकच निकाल आहे.

सामन्यांची संख्या हे माप सर्वांत सोयीचे, म्हणून सर्वांत जास्त वापरले जाते. टॉम बॉइडच्या बाबतीत ते कोलमडते. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला हा उंच आक्रमक एका वर्षात ग्रेटर वेस्टर्न सिडनीतून वेस्टर्न बुलडॉग्जकडे आला. बदल्यात गेले बुलडॉग्जचा कर्णधार रायन ग्रिफेन आणि सहावा क्रमांक. ग्रिफेनने स्वतःच क्लब सोडण्याची इच्छा सांगितली होती, त्यामुळे बुलडॉग्जना काहीतरी मिळवणे भागच होते. बॉइडचा करार सात वर्षांचा आणि सुमारे ७० लाख डॉलरचा असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. एकोणीस वर्षांच्या मुलासाठी हे ओझे फार होते. २०१६ मध्ये बुलडॉग्ज सातव्या स्थानावरून बाद फेरीत आले. उपांत्य लढतीत त्यांनी याच ग्रेटर वेस्टर्न सिडनीला सहा गुणांनी हरवले आणि अंतिम सामन्यात सिडनीला ८९-६७ असे नमवले. बॉइडने त्या सामन्यात तीन गोल केले. शेवटच्या टप्प्यात मैदानाच्या मध्याकडून त्याने मारलेला लांब चेंडू उसळत खांबांतून गेला आणि सामना संपल्यातच जमा झाला. बुलडॉग्जचे हे १९५४ नंतरचे पहिले विजेतेपद. २०१९ मध्ये शारीरिक दुखापती आणि मानसिक स्वास्थ्य यांमुळे तो तेविसाव्या वर्षीच निवृत्त झाला. त्याच्या नावावर दोन्ही क्लबांचे मिळून अवघे ६१ सामने आहेत.

या ६१ सामन्यांवरून हा विनिमय तोट्याचा ठरवणाऱ्यांनी क्लब कशासाठी असतो हे विसरू नये. बासष्ट वर्षे वाट पाहिलेल्या क्लबाला एक विजेतेपद म्हणजे काय, हे कोणत्याही गुणांकात बसत नाही. माझ्या मते विजेतेपद हा हिशेबातला स्वतंत्र स्तंभ असावा. त्याचे रूपांतर सामन्यांत किंवा मतांत करू नये. बॉइडच्या बाजूने तेवढा एक दिवस पुरेसा आहे.

पर्यायाचा विचार हा मूल्यमापनाचा गाभा आहे आणि तोच बहुधा वगळला जातो. विनिमय न करण्यालाही किंमत पडते. २००९ मध्ये ल्यूक बॉलला सेंट किल्डा सोडून कॉलिंगवूडला जायचे होते. दोन्ही क्लबांचे जमले नाही. बॉल ड्राफ्टमध्ये उतरला आणि कॉलिंगवूडने त्याला तिसाव्या क्रमांकावर घेतले. सेंट किल्डाच्या हाती काहीच आले नाही. २०१० च्या अंतिम सामन्यात हेच दोन क्लब समोरासमोर आले. सामना बरोबरीत सुटला, आठवड्याने पुन्हा खेळवला गेला आणि कॉलिंगवूडने तो ५६ गुणांनी जिंकला. एखाद्या क्लबाने निघालेल्या खेळाडूसाठी कमी मोबदला स्वीकारला तर त्याची तुलना त्या खेळाडूच्या खऱ्या मोलाशी करू नये. तो रिकाम्या हातांनी गेला असता, त्याच्याशी करावी.

वेतनाचे गणितही त्यातच धरले पाहिजे. २०२० मध्ये कॉलिंगवूडने वेतनमर्यादेच्या दडपणाखाली अॅडम ट्रेलॉर याला बुलडॉग्जकडे पाठवले आणि त्याच्या वेतनाचा काही भाग पुढेही स्वतःच भरला. त्या वेळी हा प्रकार लाजिरवाणा म्हणून गाजला. तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, मोकळा श्वास घेतलेल्या त्या क्लबाने ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून विजेतेपद मिळवले. याचे सगळे श्रेय त्या विनिमयाला देणे चूक, पण त्याला नुसता तोटा म्हणणेही चूक.

एकच क्रमांक हातोहात फिरताना पाहिला तर हे सगळे निकष एकत्र दिसतात. २०१८ च्या सहाव्या क्रमांकाचा प्रवास असा. ब्रिस्बेनने तो एकोणिसाव्या क्रमांकासह फ्रीमँटलला देऊन मुख्यतः लॅकी नील याला घेतले. फ्रीमँटलने तोच क्रमांक मेलबर्नला देऊन जेसी होगन याला आणले. मेलबर्नने तो गोल्ड कोस्टकडे सोपवून स्टीव्हन मे आणि केड कोलोजॅशनी हे दोन खेळाडू घेतले. अखेर गोल्ड कोस्टने त्यावर बेन किंग याला निवडले. चार क्लब, चार गरजा.

ब्रिस्बेनला दिशा देणारा मध्यफळीतला खेळाडू हवा होता. नीलने २०२० आणि २०२३ चे ब्राउनलो पदक मिळवले आणि सहकर्णधार म्हणून २०२४ च्या विजेतेपदात सहभागी झाला. २०२५ मध्ये ब्रिस्बेनने ते राखले. हा नील २०११ च्या ड्राफ्टमध्ये अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे. मेलबर्नला बचावाचा कणा हवा होता. कोलोजॅशनी डोक्याला बसलेल्या माराच्या परिणामांमुळे लवकरच निवृत्त झाला, पण मे याने २०२१ चा अंतिम सामना मांडीचा स्नायू दुखावलेला असताना खेळून काढला आणि मेलबर्नचे सत्तावन्न वर्षांनी विजेतेपद आले. गोल्ड कोस्टपाशी जाण्याच्या तयारीतला सहकर्णधार होता. त्याच्याऐवजी त्यांना दहा वर्षे पुरेल असा आक्रमक मिळाला. फ्रीमँटलकडे होगन दोनच हंगाम राहिला, तेही दुखापतींनी ग्रासलेले, आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनीला गेल्यावर २०२४ मध्ये त्याने ६९ गोलांसह कोलमन पदक मिळवले.

चौघांपैकी तिघांना हवे ते मिळाले, म्हणून एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा हे गृहीतक इथे टिकत नाही. फ्रीमँटलच्या निर्णयाच्या वहीत मात्र मी कठोर शेरा मारणार नाही. नीलला जायचेच होते, मिळालेला क्रमांक उत्तम होता आणि गोल करणारा उंच खेळाडू ही त्यांची खरी गरज होती. त्यांची निष्पत्तीची वही मात्र कोरी राहिली. चौघांपैकी तीन क्लबांची गाठ पुढे पुन्हा पडली: २०२५ च्या बाद फेरीत गोल्ड कोस्ट आपल्या इतिहासात प्रथमच उतरले, पर्थला जाऊन फ्रीमँटलला एका गुणाने हरवले आणि पुढच्या आठवड्यात ब्रिस्बेनकडून पराभूत झाले.